चाकूर येथील एका श्रोत्याची वही : आकाशवाणीच्या एका दिवसाचें साधन

१. प्रास्ताविक

या त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, बखरी व कुळकर्णी दप्तरें यांची संवय आहे. रेडिओ ऐकणाऱ्या एका गृहस्थाच्या वहीचा परिचय या पानांत कशास, असा प्रश्न त्यांच्या मनांत सहज येईल. आमच्याहि मनांत तो प्रथम आला होता. परंतु ती वही वाचतां वाचतां आमची अशी खात्री झाली कीं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मराठवाड्याचा इतिहास ज्या कोणास पुढें लिहावयाचा असेल, त्यास या जातीच्या कागदांवांचून चालणार नाहीं. आणि ते कागद आज आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत. म्हणून या एका वहीचें वर्णन, कालनिर्णय व तिच्यांतील एका दिवसाचें विवरण करून, असलें साधन कसें वाचावें हें सांगण्याचें योजिलें आहे.

वही आमच्या हातीं आली ती योगायोगानें. चाकूर येथील एका जुन्या घराची वाटणी होऊन माळवदावरील सामान रद्दीवाल्यास वजनावर दिलें गेलें. त्यांत पोथ्या आहेत असें कळल्यावरून आम्ही गेलों. पोथ्यांच्या बस्त्यांत दोन त्रुटित स्तोत्रें, कांहीं वर्षांचीं छापील पंचांगें, रेडिओच्या परवान्याचें एक पुस्तक व ही वही निघाली. लेखकाचें नांव मुद्दामच देत नाहीं; घरच्या मंडळींची तशी इच्छा आहे.

२. वर्णन व कालनिर्णय

वही रेघांच्या कागदाची, शाळेंत मुलें वापरतात तशी असून पहिलीं कांहीं पानें गेलेलीं आहेत. अक्षर वळणदार, शाई निळी, समासांतील टीपा मात्र शिसपेन्सिलीच्या. रोज लिहिण्याचा परिपाठ लेखकास नव्हता. रविवार, सणवार व कांहीं विशेष घडलें तो दिवस, एवढेंच तो टिपतो. प्रत्येक नोंदींत वेळ, केंद्र व कार्यक्रम अशीं तीन सदरें आहेत. तिथिवार दिलेला असतो, वर्ष कोठेंहि नाहीं.

वर्ष पुढीलप्रमाणें निघतें. मुखपृष्ठावरील पत्त्यांत 'जि. उस्मानाबाद' असें होतें. त्यांतील 'उस्मानाबाद' हें नांव खोडून वर 'लातूर' लिहिलें आहे. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्यें उस्मानाबादेपासून वेगळा झाला; तेव्हां त्यापूर्वीं वही सुरू झाली व त्यानंतरहि चालू होती. ज्या नोंदीचें विवरण आम्ही करणार, तिच्या माथ्यावर 'रविवार. दसरा' एवढेंच आहे. तिच्या आधींच्या पानांवर हिंदी संघानें लॉर्ड्सच्या मैदानावर क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्याची नोंद आहे, म्हणजे ती २५ जून १९८३ ची होय. नंतरच्या पानांवर पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येची नोंद आहे, ती ३१ ऑक्टोबर १९८४ ची. या दोन मर्यादांमध्यें दसरे दोनच येतात व त्यांपैकीं रविवारीं येणारा एकच. तेव्हां आमची नोंद शके १९०५, आश्विन शुद्ध १०, म्हणजे १६ ऑक्टोबर १९८३ या दिवसाची ठरते. त्या दिवशीं बाजारभाव दिल्याची नोंद नाहीं, हीहि गोष्ट सणाशीं व रविवाराशीं जुळते. परवान्याच्या पुस्तकांतील शेवटचें तिकीट १९८४ चें आहे. त्या काळीं घरीं रेडिओ ठेवण्यास परवाना लागे व त्याचें शुल्क टपालकचेरींत भरून पुस्तकांत तिकीट लावून घ्यावें लागे; १९८० नंतरच्या दशकांतच ही पद्धत बंद झाली. हें पुस्तक वहीजवळच ठेवलें होतें म्हणून दोहोंचा संबंध जुळला. निराळ्या रद्दींत गेलें असतें तर केवळ तिकिटें जमविणाराच्या उपयोगी पडलें असतें.

३. संक्षेप

केंद्रांसाठीं लेखक एकाक्षरी संक्षेप योजतो: प. परभणी, औ. औरंगाबाद, पु. पुणें, है. हैदराबाद, दि. दिल्ली. यांतील शेवटचा संक्षेप फसवा आहे. 'दि.' म्हणजे दिल्लीची लहर थेट चाकुरास ऐकूं आली असें नव्हे. दिल्लीस वाचल्या जाणाऱ्या बातम्या प्रादेशिक केंद्रें त्याच वेळीं आपल्या क्षेपकावरून पुढें देत, त्यास सहक्षेपण म्हणतात. तेव्हां 'दि.' हें शब्दांचें उगमस्थान आहे, ज्या केंद्रावर कांटा होता त्याचें नांव नव्हे. कागद कोठें लिहिला व कोणत्या चावडींतून फिरला, या दोन गोष्टी आपण निराळ्या ठेवतों, तोच हा भेद.

४. दिवसाचें विवरण

आकाशवाणीचा दिवस 'सभां'त विभागलेला असे. सकाळची पहिली, दुपारची दुसरी व सायंकाळची तिसरी सभा. निवेदकच 'आमची पहिली सभा येथें समाप्त होत आहे' अशा अर्थाचें सांगत. आन्हिकाची सवय असलेल्या समाजास ही वांटणी परकी वाटली नाहीं. आमच्या वहींत तर पहिल्या सभेच्या आधीं 'स्नान' व तिसरीच्या मध्यें 'दिवाबत्ती' अशा नोंदी कार्यक्रमांच्याच ओळींत आल्या आहेत.

पहिली सभा. प्रथम 'धून' असें आहे. ही आकाशवाणीची संकेतधून. ती वॉल्टर कॉफमन या संगीतज्ञानें १९३६ च्या सुमारास बांधिली. हा प्राग येथून हिंदुस्थानांत आश्रयास आलेला ज्यू गृहस्थ असून मुंबईच्या केंद्रावर पाश्चात्य संगीताचें काम पाही. धून शिवरंजनी रागाच्या अंगानें जाते. तिच्यामागून 'वंदे मातरम्' व भक्तिगीतें अशी क्रमवार नोंद आहे.

पुढें 'संस्कृत वार्ता' आहे. आकाशवाणीवर संस्कृतांतील बातम्यांस ३० जून १९७४ रोजीं आरंभ झाला. निवेदकाचें प्रारंभींचें वाक्य 'इयम् आकाशवाणी। सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' असें असे. वहीकार तें 'संप्रती वार्ता श्रुयंताम्' असें लिहितो. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, तेव्हां पहिल्यानें हात तांबड्या शाईकडे गेला हें कबूल केलें पाहिजे. परंतु ही चूक नव्हे, पुरावा आहे. ज्याप्रमाणें सांगून लिहविलेल्या पोथींत लेखकाच्या कानाचे दोष उतरतात व त्यावरून ती पाहून लिहिली कीं ऐकून लिहिली हें ठरतें, त्याचप्रमाणें येथें ऱ्हस्व इकाराचा दीर्घ व विसर्गाचा लोप हे श्रवणाचे दोष आहेत. या गृहस्थाचें संस्कृत शालेय नव्हतें. कानावर पडून पडून त्याला तें वाक्य पाठ झालें. एखाद्या भाषेचा श्रवणानें प्रसार किती झाला हें मोजावयाचें तर असल्याच ओळींवरून मोजावें लागेल.

त्यानंतर ७-०५ वाजतां 'पु. प्रादेशिक', ८ वाजतां 'दि. हिंदी', ८-३० वाजतां 'दि. मराठी' अशा बातम्यांच्या नोंदी आहेत. मध्यंतरींच्या ८-१० च्या इंग्रजी बातम्यांपुढें 'चहा' एवढाच शब्द आहे. रविवार असल्यानें मुलांचा कार्यक्रम झाला. त्यापुढें समासांत 'नातवंडें आलीं, आवाज मोठा केला' असें आहे.

दुसरी सभा. येथें पान कोरें असून खालीं लिहिलें आहे: 'सोनें देण्यास बाहेर. ऐकली नाहीं.' या पांच शब्दांबद्दल आम्ही वहीकाराचे ऋणी आहों. ते नसते तर दसऱ्यास दुपारीं प्रक्षेपण बंद होतें, असा तर्क एखाद्या भावी अभ्यासकानें खुशाल बांधिला असता. नोंद नाहीं म्हणजे घटना नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. हा नियम आपण दप्तरांच्या बाबतींत पाळतों, येथेंहि पाळला पाहिजे.

तिसरी सभा. 'प. शेतकऱ्यांसाठीं, रब्बी ज्वारीची पेरणी' अशी नोंद असून समासांत पेन्सिलीनें 'आपल्याकडे वाफसा अजून नाहीं' असें लिहिलें आहे. हवामानाच्या नोंदीपुढें 'इकडे आभाळ' असा शेरा आहे. म्हणजे बोलणारा प्रदेशास उद्देशून बोलतो व ऐकणारा आपल्या शिवाराशीं ताडून पाहतो. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांचा हा हेतु जुना आहे. १९५६ च्या आरंभीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पांच जिल्ह्यांत सुमारें दीडशें गांवीं श्रोत्यांचीं मंडळें स्थापून त्यांसाठीं वीस कार्यक्रम दिले, ऐकून झाल्यावर चर्चा घडविली व तिचा वृत्तान्त केंद्राकडे मागविला. या प्रयोगाची परीक्षा पॉल न्यूराथ यांनीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें केली. मराठवाडा त्या वेळीं हैदराबाद राज्यांत असल्यामुळें त्या पांच जिल्ह्यांत आमचा एकहि नव्हता. येथील श्रोत्याची चर्चा समासांतच राहिली, व ती या वहीमुळें हातीं आली.

पुढें 'कीर्तन', मग ८-४५ व ९ वाजतां दिल्लीच्या हिंदी व इंग्रजी बातम्या, आणि शेवटीं 'श्रुतिका. नांव कळलें नाहीं. मध्यें तेलुगु गाणें' अशी नोंद आहे. हें तेलुगु गाणें श्रुतिकेंतील नव्हे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या कडेनें जातात व दूरवर पोंचत नाहींत. रात्रीं आकाशांतील विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होऊन शेंकडों मैलांवर पडतात. त्यामुळें रात्रीं एका केंद्रांत दुसरें मिसळतें, आणि चाकुरास हैदराबाद तर जवळचेंच. एका शाखेच्या पोथींत दुसऱ्या शाखेचा पाठ शिरतो त्यास आपण पाठसंकर म्हणतों. हा आकाशांतला पाठसंकर समजावा.

५. नांवाविषयीं थोडें

'आकाशवाणी' हा शब्द आमच्या पिढीस इतका अंगवळणी पडला आहे कीं तो पारिभाषिक आहे हें ध्यानांत राहत नाहीं. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें तेव्हां तें एका खासगी कंपनीचें होतें. सरकारी खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव जून १९३६ मध्यें मिळालें. 'आकाशवाणी' हें नांव त्याआधींच १९३५ मध्यें म्हैसूर येथें प्रा. गोपालस्वामी यांच्या केंद्राशीं जोडलें गेलें होतें, तें १९५७ च्या सुमारास सर्व देशानें स्वीकारलें, व मे २०२३ पासून इंग्रजींतहि तेंच एक नांव चालतें. मराठींत त्यापूर्वीं 'नभोवाणी' हा शब्द रुळला होता. 'नभोनाट्य' हा शब्द त्याचाच भाऊ होय. वहीकार मात्र सर्वत्र 'रेडिओ' असेंच लिहितो. 'आकाशवाणी' हा शब्द तो फक्त निवेदकाच्या तोंडीं घालतो.

पुराणांतील आकाशवाणी कंसास भय घालते. शाकुन्तलाच्या चौथ्या अंकांत कण्वांस अग्निशाळेंत अशरीरिणी छंदोमयी वाणी शकुंतलेचा वृत्तान्त कळविते. दोन्हीं ठिकाणीं ती एकदांच होते व ऐकणारा तिला उत्तर देऊं शकत नाहीं. नाट्यशास्त्रांतील 'आकाशभाषित' याहून वेगळें. तेथें रंगभूमीवरचें पात्र न दिसणाऱ्या माणसाशीं बोलतें व त्याचें उत्तर आपणच ऐकल्यासारखें करून पुन्हां उच्चारितें. भाण या रूपकप्रकारांत तर सर्व अंक असाच चालतो. आमच्या वहीकाराच्या समासटीपा वाचतांना आम्हांस पहिल्यापेक्षां दुसऱ्याचीच आठवण अधिक झाली. 'इकडे आभाळ' हें त्याचें आकाशभाषित होय.

६. एका दिवसाचे तीन पाठ

येथवरच्या विवरणावरून मुख्य मुद्दा निघतो. रेडिओच्या कोणत्याहि दिवसाचे तीन पाठ असतात. पहिला योजिलेला, म्हणजे छापील कार्यक्रमपत्रिकेंतला. दुसरा प्रसृत, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिक्षेपित झालेला, जो केंद्राच्या नोंदवहींत सांपडतो. तिसरा श्रुत, म्हणजे श्रोत्यानें ऐकलेला. तिन्ही एकमेकांशीं जुळतातच असें नाहीं.

योजिलेला पाठ बहुधा सुलभ आहे. हिंदुस्थानांत १९२७ सालीं 'इंडियन रेडिओ टाइम्स' निघालें. डिसेंबर १९३५ पासून तें 'इंडियन लिसनर' झालें व जानेवारी १९५८ पासून 'आकाशवाणी'. त्याचे जुने अंक हौशी संग्राहकांजवळ अजून मिळतात. परंतु ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळचा कार्यक्रम त्या अंकांत पाहिला तर त्या दिवशीं काय ऐकूं आलें याचा मागमूस लागणार नाहीं. महात्माजींच्या हत्येची वार्ता व पंडित नेहरूंचें त्या रात्रींचें भाषण छापील पत्रिकेंत असणें शक्यच नव्हतें. इंग्लंडांत बी. बी. सी. नें ही अडचण आरंभापासून ओळखली. 'रेडिओ टाइम्स' या १९२३ पासूनच्या छापील पत्रिकेखेरीज प्रत्यक्ष प्रक्षेपित कार्यक्रमांची निराळी नोंद ती ठेवीत गेली व ती कॅव्हर्शम येथील लेखसंग्रहांत जतन आहे.

याविषयींची स्वतःची एक फजिती सांगितल्यास वाचक क्षमा करोत. मराठवाड्यांतील पोथ्यांच्या संग्रहांवर आमचें एक भाषण एका केंद्रावर ध्वनिमुद्रित झालें होतें व २३ मे १९९१ ही त्याची तारीख एका वृत्तपत्रांत छापून आली होती. २१ मे च्या रात्रीं राजीव गांधी यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवसापासून राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला व नेहमीच्या कार्यक्रमांच्या जागीं शोकसंगीत आलें. आमचें भाषण पुढें जूनमध्यें, दोन मिनिटें कमी होऊन लागलें. असें असतां पुष्कळ वर्षांनीं आम्हीं आपल्या भाषणांची यादी केली, तेव्हां कात्रणावर विसंबून तारीख २३ मे च घातली! वक्त्यालाच स्वतःच्या भाषणाची तारीख चुकते, तर शंभर वर्षांनंतरच्या संशोधकाची काय कथा? ती चूक घरच्या एका दैनंदिनीमुळें उघडकीस आली, म्हणजे श्रुत पाठानें योजिलेल्या पाठाचें शोधन केलें.

श्रुत पाठाची खरी किंमत आमच्या वहींतील ३१ ऑक्टोबर १९८४ च्या नोंदीवरून कळते. तेथें दुपारीं 'लंडन' व त्यापुढें एक ओळ, मग बराच रिकामा भाग, आणि सायंकाळीं सहा वाजतां 'दि.' असें आहे. इंदिराजींच्या मृत्यूची बातमी बी. बी. सी. नें दुपारींच दिली होती व आकाशवाणीनें ती सायंकाळीं सहा वाजतां दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु चाकुरासारख्या गांवीं ती केव्हां व कोणत्या वाटेनें पोंचली, हें दिल्लीच्या किंवा लंडनच्या कोणत्याहि दप्तरांत मिळणार नाहीं. तें या एका पानावर आहे.

आणि याहून मोठा दिवस हातचा गेलेला आहे. हैदराबादचें केंद्र १९३५ पासून निजाम सरकारच्या ताब्यांत होतें व १ एप्रिल १९५० रोजीं तें ऑल इंडिया रेडिओंत सामील झालें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली व त्याच केंद्रावरून भाषण करून ती जाहीर केली. आज तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतों. त्या भाषणाचा आशय ग्रंथांत आहे. पण तें आमच्या भागांत कोणत्या घरच्या रेडिओवर ऐकलें गेलें, किती माणसें भोंवतीं जमलीं, तें न समजणाऱ्यांस कोणी अर्थ सांगितला, ऐकल्यावर लोक घरीं गेले कीं चावडीवर, याची त्या रात्रीं लिहिलेली एक ओळहि अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. सांगणारे वृद्ध बहुतेक गेले. कोणा श्रोत्याची वही त्या दिवशींहि असेल. ती कोणत्या वर्षींच्या रद्दींत गेली कोण जाणे.

७. भाषणांच्या संहिता

वहीखेरीज दुसरा वर्ग संहितांचा. रेडिओवर जें 'बोललें' जाई तें बहुधा आधीं लिहिलेलें असे. वक्ता एक प्रत केंद्रास देई व कार्बनची प्रत घरीं ठेवी. मराठींतील थोर लेखकांपैकीं कित्येक या खात्यांत नोकरीस होते. बा. सी. मर्ढेकर १९३८ पासून, व्यंकटेश माडगूळकर पुणें केंद्राच्या ग्रामीण विभागांत. तेव्हां घरोघरच्या जुन्या संहितांवर कोणाचें अक्षर निघेल हें सांगवत नाहीं. 'गीतरामायण' तर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणें केंद्रावरून दर आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन्न गीतांनीं पुरें झालें. त्याचें ग्रंथरूप सर्वांजवळ आहे, पण आठवड्यागणिक तें जसें घडत गेलें त्याच्या टिपणांचा शोध कोणी घेतला पाहिजे.

हा शोध निष्फळ जात नाहीं याचें उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक बी. बी. सी. च्या हिंदुस्थान विभागांत असतां त्यानें लिहिलेलीं वृत्तपत्रें कोल्हापूरकडील वेणू चितळे मराठींत करून लंडनहून वाचीत. ऑर्वेलच्या संहिता चाळीस वर्षें कोणास ठाऊक नव्हत्या. परीक्षकांच्या शिक्क्यांसह त्या कॅव्हर्शमच्या संग्रहांत सांपडल्या व १९८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या.

८. संग्राहकांस विनंती

आमच्या अल्प अनुभवावरून चार सूचना करतों. एक, वही, परवाना, कात्रणें, करारपत्र हे कागद एकत्र सांपडले तर एकत्रच ठेवावे. सुटे केले कीं निम्मा पुरावा जातो. दोन, नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये; कानाची चूक ही या साधनाची मोहोर आहे. तीन, समासांतील पेन्सिलीच्या टीपा प्रथम उतरून घ्याव्या, कारण त्या प्रथम पुसतात. चार, ध्वनिफिती असल्यास ओल व लोहचुंबक यांपासून दूर ठेवून त्यांची नक्कल लवकर करवावी. त्यांचें आयुष्य कागदाहून थोडें आहे.

बस्त्यांतील स्तोत्रें आम्हीं यथाकाल सूचींत घातलीं. तीं दोन्हीं अन्यत्र उपलब्ध आहेत. वहीची मात्र दुसरी प्रत कोठेंहि असणें शक्य नाहीं. रद्दीवाल्यानें दोहोंचें वजन एकाच तागडींत केलें होतें, आणि आम्हींहि त्या दिवशीं प्रथम हात घातला तो स्तोत्रांनाच.

चाकूर, अहमदपूर, उदगीर, औसा या बाजूस कोणा वाचकाच्या पाहण्यांत असली वही, विशेषतः १९४८ पूर्वींची वा त्या वर्षींची, असल्यास त्यांनीं मंडळास कळवावें. वर दिलेल्या कालनिर्णयांत किंवा संक्षेपांच्या वाचनांत कांहीं चूक आढळल्यास तीहि जाणत्यांनीं दाखवावी.